‘इतर सर्व’ म्हणजे कोण कोण?

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉलेजच्या पायरीवर बसून लग्नपत्रिका कापत होत्या. हातात शिंप्याची मोठी कात्री, मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. गणपती, वधूवरांची नावं, मुहूर्त, सगळ्यांवरून कात्री सारखीच चालत होती. मी त्या दिवशी इतिहास विभागात रुजू व्हायला आले होते. विभाग कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी मान वर न करता तमिळमध्ये उलट प्रश्न केला, “‘कँडिडेट’ हा शब्द कुठून आला?”

मी म्हटलं, माहीत नाही.

“मग सांभाळून जा. आत तिघं बसलेत. त्यांनाही माहीत नाही.”

नंतर कळलं, लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि टिकाऊ असतो. एका पत्रिकेच्या चार चिठ्ठ्या होतात. प्रत्येक चिठ्ठीवर युरोपच्या जुन्या इतिहासातला एक शब्द. पोलिस, म्हणजे ग्रीकांचं नगरराज्य. अगोरा, ट्रिब्यून, प्लेबियन, गिल्ड, व्हॅसल. छापील बाजूवर, मजकुरावरूनच जाड शाईनं, शब्द तमिळमध्ये आणि इंग्रजीत, दुसरी बाजू कोरी. अशा तीन-चारशे चिठ्ठ्या एका स्टीलच्या टिफिनच्या डब्यात भरून अक्का वर्गात जायच्या. डबा फिरायचा, प्रत्येकीनं एक चिठ्ठी काढायची आणि शब्दाचा अर्थ सांगायचा. अर्थ पुस्तकातला चालायचा. पण त्यामागोमाग उदाहरण द्यायचं, आणि उदाहरणाला त्यांचा एक नियम होता. ते तंजावूरहून टाउन बसनं जाऊन बघता आलं पाहिजे.

“जिथं बस जात नाही तिथला शब्द तुझा नव्हे,” त्या म्हणायच्या. “तो परीक्षेचा.”

कँडिडेटचं त्यांनी मला आठवड्याभरानं सांगितलं. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूनं घासून पांढराशुभ्र करून लोकांत फिरे. लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे पांढरा. निवडणूक जवळ आली आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या वेष्टीतली, म्हणजे धोतरातली, मंडळी हात जोडत गल्लीत शिरली, की अक्का ओसरीवरून आत आवाज देत, “टोगा आला गं, टोगा आला.”

मुली त्यांना अगरादि म्हणायच्या. तमिळमध्ये अगरादि म्हणजे शब्दकोश. पण बोलण्यात एखादीला अगरादि म्हटलं तर त्याचा अर्थ होतो आगाऊ, शहाणपणा मिरवणारी. दोन्ही अर्थ अक्कांना ठाऊक होते आणि दोन्ही मान्य होते.

मी त्यांच्यासारखीच तंजावूरच्या मराठी घरातली आहे हे त्यांना एका फोनमुळे कळलं. स्टाफरूममध्ये आईचा फोन आला आणि मी म्हणाले, “होय की अम्मा, जेवले.” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “म्हणजे तू आमच्यातली की.” त्या दिवसापासून आमचं आपसांतलं बोलणं मराठीत झालं. ही आमची मराठी पुण्यामुंबईच्या माणसाला हसू आणणारी. चाल तमिळची, निम्मे शब्द तमिळचे आणि मध्येच एखादं ‘मज’, ‘तुज’ किंवा ‘त्यांस’, जे महाराष्ट्रात आता पोथीतच सापडतं. मी देवनागरी शिकले ती हिंदीच्या परीक्षा देताना. अक्का तेवढीही शिकल्या नव्हत्या. ग्रीक मुळाक्षरं मात्र त्यांना येत होती.

मेलवीथीच्या एका आडगल्लीत त्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. घराचं दार दिवसभर सताड उघडं. रोममध्ये ट्रिब्यून म्हणजे सामान्य लोकांचा कैवारी, त्याच्या घराचं दार कधी बंद नसे, कुणीही केव्हाही गाऱ्हाणं घेऊन यावं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. गाऱ्हाणी घेऊन फारसं कुणी येत नसे. मांजरं येत आणि दही खाऊन जात. अक्का दह्याचं भांडं शिंक्याला लावायला लागल्या, पण दार लावलं नाही.

स्टाफरूममध्ये त्या फार लोकप्रिय होत्या असं नाही. कुणी हौसेनं सांगावं की ‘सॅलरी’ हा शब्द मिठावरून आला, रोमन शिपायांना पगारात मीठ मिळत असे, तर अक्का लगेच म्हणायच्या, “मिठाशी नातं आहे. पगारात मीठ देत, याला पुरावा नाही.” सांगणारा हिरमुसायचा. एका बैठकीत प्राचार्यांनी मुलींना दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेर जायला बंदी करण्याचा ठराव मांडला. सगळे माना डोलवत असताना अक्का उठल्या, “वेटो” एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. प्राचार्यांनी विचारलं, म्हणजे काय? “म्हणजे, मी मना करते. लॅटिनमध्ये एका शब्दात होतं. आपल्याकडे त्यासाठी समिती नेमावी लागेल.” समिती नेमली गेली. मुली बाहेर जात राहिल्या.

नियम त्या दुसऱ्यांना लावायच्या तसाच स्वतःलाही. अथेन्समध्ये एखादा माणूस नगराला डोईजड झाला असं वाटलं तर लोक खापरीच्या तुकड्यावर त्याचं नाव खरवडून मत देत आणि ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त पडतील त्याला दहा वर्षं नगर सोडावं लागे. हे शिकवायचं म्हणून अक्कांनी फुटलेल्या कुंड्यांचे तुकडे गोणीत भरून वर्गात आणले. मुलींनी खिळ्यानं नावं कोरली. मोजणी झाली, तर पंचेचाळीसपैकी एकतीस खापऱ्यांवर अक्कांचंच नाव. वर्गात हशा पिकला. अक्कांनी खापऱ्या पुन्हा एकदा मोजल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “दहा वर्षं शक्य नाही. मला निवृत्त व्हायचंय. दहा तास धरू.”

पुढचे दहा तास त्या वर्गाबाहेर व्हरांड्यात स्टूल टाकून बसल्या. आत यायच्या नाहीत, आत काय चाललंय ते विचारायच्या नाहीत. दोन दिवस मुलींनी मजा केली. तिसऱ्या दिवशी पुस्तकं उघडली, कारण परीक्षा जवळ होती. प्राचार्य बाहेर येऊन म्हणाले, “मॅडम, हे काय?” अक्का म्हणाल्या, “हद्दपारी. माझी मालमत्ता जप्त झालेली नाही, फक्त मी बाहेर आहे.” अकराव्या तासाला त्या आत शिरल्या आणि एकच प्रश्न विचारला, “मी नसताना नगराचं काय बिघडलं?” एक मुलगी म्हणाली, “काही नाही, मॅम.” यावर त्या इतक्या खूश झाल्या की सगळ्या वर्गाला कँटीनचं वडा-सांबार मिळालं.

असं सगळं असूनही त्यांनी रोम पाहिलं नव्हतं. अथेन्सही नाही. दिल्लीच्या पलीकडे त्या कधी गेल्याच नव्हत्या. निवृत्तीनंतर जायचं, हे एवढं एकच स्वप्न मी त्यांच्या तोंडून ऐकलं. पासपोर्ट काढून ठेवला होता. वेट्टार नदीच्या पलीकडे, तिरुवैयारूच्या वाटेवरच्या एका गावात त्यांच्या घराण्याची शेतजमीन होती. मोठे भाऊ, त्यांना त्या अण्णा म्हणत, चेन्नईला असायचे आणि तिथूनच जमिनीचं बघायचे. ती आता विकायची ठरत होती. अक्कांनी फोनवर होकार दिला होता. त्यांच्या वाट्याला जे येईल त्यात रोम आणि अथेन्स दोन्ही बसत होतं.

त्याच वर्षी तो तास झाला.

नव्या प्राध्यापकांनी अक्कांच्या वर्गात मागे बसून शिकवणं बघावं असं विभागात ठरलेलं होतं, म्हणून मी शेवटच्या बाकावर होते. डबा फिरत फिरत सेल्वीकडे आला. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी, रोज खेड्यातून बसनं येणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिनं चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली.

“वाच,” अक्का म्हणाल्या.

“सर्फ,” सेल्वी म्हणाली. मग तिनं पुस्तकातला अर्थ धडाधड सांगितला. मध्ययुगातला, जमिनीला बांधलेला शेतकरी. तो गुलाम नव्हे, त्याला एकट्याला विकता येत नाही. पण जमीन दुसऱ्याची झाली की तोही तिच्याबरोबर दुसऱ्याचा होतो. जमीनदाराच्या परवानगीशिवाय त्याला जागा सोडता येत नाही.

“उत्तम. उदाहरण?”

सेल्वीनं चिठ्ठी बाकावर ठेवली. कुणीतरी मागून कुजबुजलं, तेव्हा ती म्हणाली, “माझे तात्ता.”

सेल्वी खाली बघूनच बोलत राहिली. तिचे आजोबा पण्णैयाळ होते. आमच्या कावेरीच्या मुलखात मोठ्या जमीनदाराच्या शेतीवर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या मजुराला पण्णैयाळ म्हणत. त्यांचे वडीलही त्याच शेतावर होते. लग्न करायचं तरी मालकाला विचारून. आजोबा एकदा दुसऱ्या गावात कामाला गेले, तर दोन माणसं पाठवून त्यांना परत आणलं.

अक्कांच्या पद्धतीत उदाहरणाला पत्ता लागायचा. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाच्या शेतावर?”

“तुमच्या, मॅम,” सेल्वी म्हणाली. “तुमच्या तात्तांच्या.”

मला वाटलं, आता काहीतरी होईल. अक्कांनी गावाचं नाव विचारलं. सेल्वीनं सांगितलं. अक्कांनी मान हलवली. “बरोबर आहे. पूर्ण गुण.” मग त्यांनी पुढची चिठ्ठी स्वतःच काढली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि परत डब्यात टाकली. तास संपायला वीस मिनिटं होती. “जा,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी वर्ग लवकर सोडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

दुपारी सेल्वी स्टाफरूमच्या दारात आली. डोळे रडून सुजलेले. “सॉरी, मॅम.”

“चूक काय सांगितलंस?”

“चूक नाही, मॅम.”

“मग सॉरी कशासाठी?”

“मी बोलणार नव्हते. पण चिठ्ठी तीच आली.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “मॅम, ती जमीन विकणार आहेत म्हणतात. आमची गल्ली त्या जमिनीतच आहे. अकरा घरं. आमच्याकडे पट्टा नाही.”

पट्टा म्हणजे घराखालची जागा तुमच्या नावावर आहे असा सरकारी कागद. तो नसला तर सरकारी योजनेतून पक्कं घर मिळत नाही, आणि जागेचा नवा मालक उठा म्हणाला तर दाखवायला हातात काही नसतं. हे मला त्या दिवशी सेल्वीनंच समजावलं. अक्का ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सरी, बरं. रविवारी येते.”

रविवारी त्यांनी मलाही बरोबर घेतलं. बसनं एकामागून एक पूल ओलांडले. दोन्ही बाजूंना नुकती लावणी झालेली शेतं होती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या आणि एरवीसारखं काही दाखवत नव्हत्या, सांगत नव्हत्या. वेट्टारच्या पुलावर एकदम म्हणाल्या, “घरी आम्ही त्यांस काय म्हणत होतो, ठाऊक आहे तुज?”

“काय?”

“आपली माणसं. आजोबा म्हणायचे, आपली माणसं आली आहेत, मागल्या दारी ताक द्या. किती गोड शब्द की नाही? ग्रीक शब्द मी मुळापासून शोधले, लॅटिन शोधले. या ‘आपली’चा अर्थ एकदा तरी शोधावा की नाही मी?”

बस पूल उतरून पुढे गेली.

गल्ली शेताच्या कडेला, कालव्याच्या उतारावर होती. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं, दोन-तीनवर पत्रे, मध्ये एक हातपंप, टोकाला कडुनिंबाखाली गावदेवीचा शेंदूर फासलेला दगड. अक्का त्या गावात चाळीस वर्षांनी आल्या होत्या. लहानपणी सुट्टीत बैलगाडीतून यायच्या, ते मालकाच्या घरापर्यंत. या गल्लीत पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. सेल्वीची आजी बाहेर आली. नव्वदीकडे झुकलेली, काठी टेकत. तिनं अक्कांना ओळखलं. “रायर घरची धाकटी ना तुम्ही? रिबिनी लावून यायचात तुम्ही,” ती म्हणाली (आमच्याकडे मराठी घरांना रायर म्हणतात) आणि कुणाला तरी शहाळं उतरवायला पिटाळलं. जमिनीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. अक्काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त घरं मोजली, प्रत्येक घरात किती वर्षं राहता ते विचारलं आणि एका चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी खरेदीखताचा दिवस होता. साक्षीदार म्हणून अक्कांनी मला नेलं. निबंधकाच्या कार्यालयाबाहेर चिंचेखाली दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं मांडलेली असतात. तिथं अण्णा होते, जमीन घेणारे गृहस्थ होते, दस्त तयार होता. लिहिणाऱ्यानं तो तमिळमध्ये भराभर वाचायला सुरुवात केली. पूर्वेला कालवा, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला अमक्याचं शेत, पश्चिमेला तमक्याचं. या चतुःसीमेच्या आतील झाडं, विहीर, पायवाट, पाण्याचा हक्क आणि इतर सर्व यांसह...

“थांबा,” अक्का म्हणाल्या. “‘इतर सर्व’ म्हणजे कोण कोण?”

लिहिणाऱ्यानं वर पाहिलं. “मॅडम, तो प्रघात आहे. सगळ्याच दस्तांत असतो.”

“प्रघातच शिकवते मी, तीस वर्षं. या शब्दांत काय काय येतं तेवढं सांगा.”

“लिहायचं राहिलं असेल ते. दगड, कुंपण, पंपाची शेड.”

“घरं?”

त्यानं अण्णांकडे पाहिलं.

“घरांत माणसं असतील तर?”

जमीन घेणारे गृहस्थ नम्रपणे म्हणाले, “ते आम्ही नंतर बघून घेऊ, मॅडम. तुम्ही त्रास नका घेऊ.”

अक्कांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं.

अण्णा वाईट माणूस नव्हते. ते अक्कांना बाजूला घेऊन गेले. मी मागे राहिले, पण ऐकू येत होतं. “हे काय मांडलंस तू?” ते मराठीत म्हणाले. “फोनवर तूच होय म्हणालीस की.”

“म्हणाले होते. तेव्हा कागद वाचला नव्हता.”

“सगळे असंच लिहितात.”

“म्हणूनच सही नको.”

अण्णांनी एकदा दस्ताच्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बाबा चार वर्षं अंथरुणावर होते. त्यांस मी बघितलं, शेत मी बघितलं. तू पुस्तकं बघितलीस. आणि आज मज न्याय शिकवतेस.”

“खरं आहे,” अक्का म्हणाल्या. “तू केलंस ते मी केलं नाही. पण त्या अकरा घरांस आपण दोघांनीही बघितलं नाही, अण्णा. मज माझा वाटा जमिनीत दे. ती गल्ली, आणि गल्लीपासून कालव्यापर्यंतची वाट. बाकी सगळं तू वीक. मी सही करते.”

“कालव्याकडचा तुकडा काढला तर घेणारा घेईल काय?”

“मज ठाऊक नाही.”

घेणाऱ्यानं त्या दिवशी घेतलं नाही. परतताना मी अक्कांवर चिडले होते. मी म्हटलं, सही करून टाकायची होती, मिळालेल्यातून त्या लोकांना मदत करता आली असती. अक्का म्हणाल्या, “सही झाल्यावर मी तिथली कोण? पाहुणी. पाहुणीस कोण विचारतो?”

“आणि रोम?”

“रोम आहे तिथेच आहे की.” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि मी तो पुन्हा काढला नाही.

पुढचं जवळजवळ वर्ष अवघड गेलं. अण्णांनी बोलणं टाकलं. नातेवाईक घरी येऊन समजावून गेले. काहींनी सांगितलं की एकटी राहून बाईचं डोकं फिरलं आहे. अक्कांनी कुणाशी वाद घातला नाही. प्रत्येकाला कॉफी दिली आणि एकच गोष्ट विचारली, “तुमच्या घरी त्यांस काय म्हणत होते?” बहुतेकांनी तेच दोन शब्द सांगितले आणि मग कॉफी पटकन संपवली. कॉलेजात त्या पूर्वीसारख्याच शिकवत होत्या, पण एक मात्र मी पाहिलं. एखादीचं उदाहरण चुकलं तर त्या पूर्वी तिला उभं ठेवायच्या, आता बसायला सांगून मग चूक दाखवू लागल्या. सेल्वीशी त्या वर्गात जमिनीबद्दल कधी बोलल्या नाहीत. तिला दोन पेपरांत नापास करायची वेळ आली तेव्हा त्यांनी नापासही केलं, आणि नंतर घरी बोलावून महिनाभर शिकवलं.

शेवटी घेणाराच नमला, कारण त्याला रस्त्यालगतचा भाग हवा होता आणि कालव्याकडचा उतार त्याच्या फारसा कामाचा नव्हता. अण्णा चेन्नईहून आले. वाटणीपत्र झालं. त्यांनी सह्या केल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि अक्कांकडे न बघता गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत अक्का उभ्या होत्या. त्यानंतर दिवाळीला त्यांच्या घरून फोन येत नाही.

मग अकरा घरांच्या नावे अकरा दानपत्रं करायची होती. तोच लिहिणारा, तीच चिंच. अक्कांनी त्याला ‘इतर सर्व’ हे शब्द एकाही कागदात लिहू दिले नाहीत. प्रत्येक घरापुढचं शेवग्याचं झाड, परसातली केळीची बेटं, हातपंपावरचा सगळ्यांचा हक्क, देवीच्या दगडाभोवतीची जागा, सगळं नावानं घालायला लावलं. तिसऱ्या दस्ताला तो वैतागून म्हणाला, “मॅडम, कोंबड्याही लिहू का?” अक्कांनी गंभीरपणे विचार केला. “नको. कोंबड्या स्थावर नव्हेत.”

कागद वाटायला आम्ही दोघी गेलो तेव्हा कापणी आटोपलेली होती. दुपार झाली होती. समारंभ असा काही नव्हता. अक्का घरोघरी जाऊन कागद देत होत्या, ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात. कुणी पाया पडायला वाकलं तर त्या दोन पावलं मागे सरायच्या आणि म्हणायच्या, “आधी वाचा. चूक असेल तर आत्ता सांगा.” एका घराच्या दस्तात नावातलं एक अक्षर खरंच चुकलं होतं. तो कागद त्यांनी परत घेतला आणि खाली मान घालून माफी मागितली.

सेल्वीचं घर सगळ्यात शेवटी होतं. पाट्टी, म्हणजे सेल्वीची आजी, ओट्यावर बसली होती. तिनं कागद हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि नातीकडे दिला. सेल्वीनं मोठ्यानं वाचला. पूर्वेला कालव्याची वाट, पश्चिमेला शेजारचं घर, शेवग्याची दोन झाडं, एक नारळ. शेवटी पाट्टीचं नाव. आपलं नाव आल्यावर पाट्टीनं ते परत वाचायला सांगितलं. सेल्वीनं वाचलं.

मग पाट्टीनं अक्कांकडे पाहिलं. तमिळमध्येही तू आणि तुम्ही असतं. त्या दिवशी पाट्टी तू म्हणाली.

“आम्ही इथं राहतो हे तुला ठाऊक नव्हतं का गं?”

“ठाऊक होतं,” अक्का म्हणाल्या.

“मग इतकी वर्षं काय करत होतीस?”

सेल्वी म्हणाली, “पाट्टी, गप्प बस.” अक्कांनी हातानंच तिला थांबवलं. भर उन्हात त्या डोक्यावर पदर न घेता उभ्या होत्या. प्रश्नाला उत्तर असतं आणि ते द्यायचं असतं, असंच त्या जन्मभर मुलींना सांगत आल्या होत्या. त्यांना या उत्तराला बराच वेळ लागला.

“शिकवत होते,” त्या म्हणाल्या.

पाट्टीला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, ओट्यावर जरा आत सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळहात आपटला. “ऊन फार आहे. ये, बस इथं.”

अक्का तिच्या शेजारी जाऊन बसल्या.